दहा बाय दहाच्या खोलीपर्यंत संघ नेताना: मुलांसाठीच्या ऑनलाइन कार्यक्रमाची तयारी

तुम्ही मुंबईतल्या एखाद्या क्रिकेट, कबड्डी किंवा फुटबॉल संघाच्या कम्युनिटी विभागात नव्याने रुजू झाला आहात आणि वरून निरोप आलाय, "शाळांसाठी एक ऑनलाइन कार्यक्रम घ्या, दोन खेळाडू मिळतील." त्या निरोपापासून कार्यक्रमापर्यंत साधारण सहा आठवडे हाताशी हवेत. त्याहून कमी वेळ असेल तर शाळांची संख्या कमी करा, तयारी कमी करू नका.

आखणी नेहमी पलीकडच्या टोकापासून करा. त्या टोकाला मानखुर्दमधली दहा बाय दहाची खोली असते, घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो बाबा कामावर घेऊन गेलेले असतात. नाहीतर महापालिकेच्या शाळेचा हॉल असतो, एक प्रोजेक्टर, साठ मुलं आणि एक बाई. स्टुडिओ, लोगो आणि रोषणाईपासून सुरुवात केलेले कार्यक्रम आपल्या ऑफिसच्या टीव्हीवर छान दिसतात आणि त्या हॉलमध्ये आवाजसुद्धा नीट पोहोचत नाही.

१. मुलं कुठून जोडली जाणार ते आधी ठरवा

दोन पद्धती आहेत. एकेक मूल आपापल्या घरून जोडलं जातं, किंवा अख्खी शाळा एका पडद्यावरून. पहिलाच कार्यक्रम असेल तर डोळे मिटून दुसरी पद्धत घ्या. हजार मुलं हजार फोनवरून आली तर हजार नावं तपासायची, हजार माइक सांभाळायचे. तीच मुलं वीस शाळांतून पन्नास-पन्नासच्या गटाने बसली तर जोडण्या फक्त वीस. झूमच्या गॅलरीत एका पडद्यावर पंचवीस चौकोन सहज मावतात, म्हणजे खेळाडूला सगळ्या शाळा एकाच वेळी समोर दिसतात. मुलं हात हलवतात ते त्याला दिसतं आणि तो पाठ केल्यासारखं बोलायचं थांबवतो.

शिवाय डेटाचा प्रश्न सुटतो. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला साधारण एक ते दीड जीबी लागतो. अनेक घरांत दिवसाचा पॅकच दीड जीबीचा असतो. तुमच्या कार्यक्रमाने घरातला दिवसभराचा नेट संपवला तर पुढच्या वेळी आई फोन देणार नाही आणि तिचं बरोबरच असेल. घरून जोडायचंच असेल तर संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ घ्या, तेव्हा फोन घरी परतलेला असतो. कार्यक्रम अर्ध्या तासात संपवा आणि व्हिडिओचा दर्जा मुद्दाम कमी ठेवा.

२. तारीख: तीन कॅलेंडरं शेजारी ठेवा

शाळेचं, संघाचं आणि शहराचं. ज्या महिन्यांत आयपीएल असते, म्हणजे मार्चअखेर ते मे, त्याच महिन्यांत वार्षिक परीक्षा आणि उन्हाळी सुट्टी येते. हंगामात लोकांचं लक्ष संघाकडे असतं म्हणून व्यवस्थापनाला तेव्हाच कार्यक्रम हवा असतो. शाळेत तेव्हा मुलं एक तर पेपर लिहीत असतात किंवा गावी गेलेली असतात. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. शाळांच्या दृष्टीने तीन फटी बऱ्या: जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, गणपती विसर्जनानंतर पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत, आणि दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची धावपळ सुरू होण्याआधी. कबड्डी आणि फुटबॉलच्या लीगच्या तारखा वर्षावर्षाला सरकतात, म्हणून वेळापत्रक जाहीर झाल्याशिवाय शाळांना तारीख देऊ नका. जुलै-ऑगस्ट निवडलात तर मुसळधार पावसाच्या इशाऱ्यामुळे शाळांना अचानक सुट्टी मिळू शकते. पत्रातच एक पर्यायी तारीख लिहून ठेवा.

वेळ ठरवताना लक्षात असू द्या की अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात. सव्वाअकराचा कार्यक्रम दुपारच्या मुलांना मिळत नाही. खेळाडूला सलग दीड तास बसवण्यापेक्षा सव्वाअकरा आणि दोन अशी पाऊण-पाऊण तासाची दोन सत्रं घ्या.

परदेशी प्रशिक्षक घ्यायचा असेल तर घड्याळ तपासा. इंग्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच. आपल्या सकाळी सव्वाअकराला तिथे उन्हाळ्यात पावणेसात आणि हिवाळ्यात पावणेसहा वाजलेले असतात.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

इथे घाई चालत नाही. लागणारे कागद असे:

• शाळेसाठी विनंतीपत्र: उपक्रमाचा उद्देश, तारीख, वेळ, इयत्ता, कोण बोलणार, कोणतं अ‍ॅप, संघाकडून जबाबदार व्यक्ती कोण. सोबत मिनिटांनिशी कार्यक्रमपत्रिका.
• महापालिकेच्या शाळा असतील तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही. त्यांनाही वरच्या कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं. पत्राची पोच घ्या आणि यासाठी तीन-चार आठवडे धरा.
• पालकांचं संमतिपत्र.
• खेळाडूच्या उपलब्धतेची लेखी नोंद, संघ व्यवस्थापनाच्या सहीने.
• संघाचं बालसुरक्षा धोरण आणि कार्यक्रमात काम करणाऱ्या प्रत्येकाची त्यावर सही.
• दाखवायच्या प्रत्येक क्लिप आणि संगीताच्या हक्कांची नोंद.

संमतिपत्राबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर नेम धरून जाहिराती करायला मनाई आहे. म्हणून फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी ठेवा: एक "माझ्या पाल्याने कार्यक्रमात भाग घ्यावा" आणि दुसरी "त्याचा फोटो, व्हिडिओ संघाने प्रसिद्ध करावा". एकाच सहीत दोन्ही उरकणं ही सर्रास होणारी चूक आहे. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणारे पालक बरेच असतात, आणि त्यांची मुलं कार्यक्रमाबाहेर राहता कामा नयेत. अशा मुलांना हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच्या रांगांत बसवायला शिक्षकांना आधीच सांगा, आणि त्या रांगा मागच्या नसाव्यात.

फॉर्म पालकांच्या भाषेत हवा. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. तुमच्या वीस शाळांत किती माध्यमं आहेत ते मोजा आणि तितकी भाषांतरं माणसाकडून करून घ्या. फक्त इंग्रजीत पाठवलेला फॉर्म सही होऊन परत येतो, पण कशावर सही केली ते पालकांना कळलेलं नसतं.

पैसे कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या निधीतून येणार असतील तर हिशेबवाल्यांशी आधी बोला. कंपनी स्वतःच्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून जे प्रायोजकत्व देते ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. पडद्यावर तिच्या मालाची जाहिरात चालवून तोच खर्च सामाजिक कामात दाखवला तर लेखापरीक्षणात अडचण येते.

४. अ‍ॅप निवडताना फसगत कुठे होते

झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते. गुगल मीटची मोफत ग्रुप मीटिंग ६० मिनिटांवर थांबते. दोन्ही ठिकाणी मर्यादा शंभर जोडण्यांची. सशुल्क खातं घ्या, आणि ते कोणाच्या तरी वैयक्तिक ईमेलवर नको, संघाच्या ईमेलवर हवं.

झूममध्ये "मीटिंग" आणि "वेबिनार" या वेगळ्या गोष्टी आहेत. वेबिनारमध्ये प्रेक्षकांचे चेहरे खेळाडूला दिसत नाहीत आणि छोटे गट पाडता येत नाहीत. वीस-पंचवीस शाळांच्या कार्यक्रमाला मीटिंगच योग्य. शेकडो घरांपर्यंत एकतर्फी पोहोचायचं असेल तेव्हा वेबिनार.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार असाल तर दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. नव्या चॅनलवर लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. आणि व्हिडिओ "मुलांसाठी" म्हणून नोंदवला की चॅट आणि कमेंट बंद होतात. नोंदवायलाच हवा, पण मग प्रश्न घेण्याची वाट दुसरी लागते. यूट्यूबवर चित्र काही सेकंद, कधी अर्धं मिनिट मागे असतं. तिथल्या मुलांना "आता हात वर करा" म्हटलं तर हात खेळाडू पुढे गेल्यावर वर होतील.

मीटिंगची सेटिंग्ज आदल्या दिवशीच लावा: वेटिंग रूम चालू, आत येताना माइक बंद, खासगी चॅट बंद, स्क्रीन शेअर फक्त होस्टला, स्वतःचं नाव बदलण्याची मुभा बंद. शाळांना आत येतानाचं नाव तुम्हीच ठरवून द्या, उदाहरणार्थ "कुर्ला ०४". लिंक प्रत्येक शाळेच्या एकाच शिक्षकाला, आदल्या संध्याकाळी पाठवा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेली लिंक तासाभरात कुठल्या कुठे पोहोचते, आणि मग अनोळखी माणसं येऊन मुलांसमोर वाट्टेल ते दाखवतात. वेटिंग रूममध्ये यादीत नसलेलं नाव दिसलं तर आत घेऊ नका, आधी शाळेला फोन करा.

५. माणसं: किमान सहा

सूत्रसंचालक, तांत्रिक होस्ट, दुसरा होस्ट, शाळांशी फोनवर असणारा समन्वयक, खेळाडूजवळ बसणारा माणूस आणि बालसुरक्षेची जबाबदारी असलेली व्यक्ती.

दुसरा होस्ट वेगळ्या जागी, वेगळ्या कंपनीच्या नेटवर असला पाहिजे. एकाच ऑफिसात बसलेले दोन होस्ट एकाच वेळी बाहेर फेकले जातात. बालसुरक्षेच्या व्यक्तीला दुसरं कोणतंही काम देऊ नका. कोणत्याही गटात मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत, एकट्या प्रौढाबरोबर एकटं मूल कधीच नको. कार्यक्रमात एखाद्या मुलाने घरातल्या मारहाणीबद्दल किंवा त्याहून गंभीर काही बोललं तर सूत्रसंचालकाने ते शांतपणे, मुलाला न लाजवता थांबवायचं आणि बालसुरक्षेच्या व्यक्तीने लगेच शाळेशी बोलायचं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक सगळ्यांकडे लिहिलेला असावा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; "शाळा बघून घेईल" असं म्हणून सोडता येत नाही.

६. खेळाडूची तयारी

खेळाडूला वीस मिनिटं समोर बसवून या गोष्टी सांगा, ईमेल पाठवून भागत नाही.

उद्याच्या सामन्यात कोण खेळणार, कोणाला दुखापत आहे, खेळपट्टी कशी आहे, यावर एक शब्द नाही. मुलं हे विचारतातच, आणि अगदी निरागसपणे विचारतात. पण संघाची आतली माहिती बाहेर देणं क्रिकेटच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत गुन्हा धरलं जातं. "ते कोच ठरवतील, तू सांग, तू असतास तर कोणाला घेतलं असतंस?" असं उत्तर आधीच तयार ठेवा. सामन्याच्या दिवशी तर कार्यक्रम ठेवूच नका. क्रिकेटमध्ये खेळाडूंच्या क्षेत्रात तेव्हा फोनला बंदी असते.

स्वतःचा फोन नंबर किंवा इन्स्टाग्राम कोणाला द्यायचं नाही. कोणाला जर्सी पाठवायचं वचन द्यायचं नाही. एका मुलाला दिलेलं वचन बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव मुलांनीही ऐकलेलं असतं.

अंगावरची जर्सी तपासा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमच्या जाहिरातींवर बंदी आली आहे, आणि जुन्या जर्सींवर, जुन्या क्लिपमध्ये तसे लोगो असू शकतात. साधा टी-शर्ट उत्तम. सामन्याच्या क्लिपचे हक्क बहुधा प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीकडे असतात; "आपल्याच संघाचा सामना आहे" म्हणून यूट्यूबवर लावलीत तर लाइव्ह मध्येच बंद पडू शकतं. सिनेमाच्या गाण्यांचंही तसंच. सरावाचे स्वतः चित्रित केलेले तुकडे वापरा, मुलांनाही तेच जास्त आवडतात.

७. खोलीत मावेल असा खेळ

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, कारण नुसत्या गप्पा मुलं दोन दिवसांत विसरतात आणि अंगाने केलेलं लक्षात ठेवतात.

कॉट, कपाट आणि गॅसची शेगडी वजा केली की दहा बाय दहाच्या खोलीत मोकळी जागा राहते साधारण चार बाय सहा फूट. ऑफिसच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखा आणि खेळाडूला प्रत्येक व्यायाम त्यातच करून बघायला लावा. पाय बाहेर पडला तर तो व्यायाम रद्द. वर पंखा आहे, कुठे पोटमाळा आहे, म्हणून डोक्यावर हात नेऊन बॅट फिरवणं नको. खालच्या मजल्यावर लोक राहतात, म्हणून उड्या नकोत. हॉलमध्ये बसलेल्या पन्नास मुलांनाही एवढीच जागा धरा, दोघांत एक हात अंतर ठेवून.

सामान विकत आणायला लावू नका. दोन जुने मोजे एकात एक घालून घट्ट गुंडाळले की चेंडू होतो; काच फुटत नाही, आवाज होत नाही. रद्दी पेपरची घट्ट सुरळी ही बॅट. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या म्हणजे गोल.

क्रिकेटसाठी: मोज्याचा चेंडू खालून हलकाच वर उडवायचा आणि झेलायचा, आधी दोन्ही हातांनी दहा, मग डाव्या हाताने दहा, मग उजव्या. फुटबॉलसाठी: चेंडू दोन पावलांच्या आतल्या बाजूंनी इकडून तिकडे, अर्धा मिनिट, नजर वर ठेवून. कबड्डीला तर काहीच लागत नाही. प्रो कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असते. गुडघे वाकवून, जागच्या जागी पावलं टाकत "कबड्डी कबड्डी" असा दम घुमवत कोण तीस सेकंद टिकतं ते पाहायचं. वीस शाळांतून एकदम हा आवाज उठतो तेव्हा तो कार्यक्रमातला सगळ्यात जिवंत क्षण असतो, त्यामुळे त्या अर्ध्या मिनिटापुरते सगळे माइक उघडा. दम्याचा त्रास असलेल्या मुलांनी मोजणीचं काम करावं, हे शिक्षकांना आधी कळवा. व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी प्रत्येक व्यायामाचा बसून करायचा प्रकार खेळाडूने आधी स्वतः बसून करून बघावा आणि तोही सर्वांसमोर दाखवावा, वेगळा काढून नाही.

एक बारीक गोष्ट: खेळाडू समोर तोंड करून "उजवा पाय" म्हणतो तेव्हा मुलं आरशासारखा डावा पुढे करतात. पावलांचा व्यायाम दाखवताना त्याला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहायला सांगा.

८. कॅमेरा, आवाज, नेट

मुलं अंधुक चित्र सहन करतात, तुटका आवाज नाही. खेळाडूला कॉलरला लावायचा माइक द्या, शक्यतो वायरचा. इनडोअर जिममध्ये आवाज घुमतो. पडदे असलेली छोटी खोली बरी. फोन आडवा, ट्रायपॉडवर कमरेच्या उंचीला, दहा-बारा फुटांवर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो.

नेट मोजताना अपलोडचा वेग बघा. जाहिरातीत दाखवतात तो डाउनलोडचा असतो. किमान ५ एमबीपीएस अपलोड सलग मिळायला हवा, १० मिळाला तर निर्धास्त. वायफायऐवजी केबल लावा, राउटर यूपीएसवर ठेवा, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट चालू स्थितीत शेजारी ठेवा. खेळाडू हॉटेलमध्ये असेल तर तिथलं वायफाय आदल्या रात्री त्याच वेळेला तपासा.

शाळेकडून आदल्या दिवशी दहा मिनिटांची चाचणी घ्याच. नेहमीचे दोष ठरलेले आहेत: प्रोजेक्टरवर ऊन येतं आणि चित्र पुसट होतं, लॅपटॉपचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही, आणि स्पीकरसमोर माइक उघडा राहिला की शिट्टी घुमते. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला स्पीकरपासून लांब, लॅपटॉपच्या जवळ उभं करा.

कर्णबधिर मुलांची शाळा असेल तर भारतीय सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे घ्या, वीस-वीस मिनिटांनी बदलण्यासाठी. दुभाष्याचा चौकोन पूर्ण वेळ पडद्यावर पक्का ठेवा, मागे साधी गडद भिंत, आणि कार्यक्रमपत्रिका त्यांना दोन दिवस आधी पाठवा म्हणजे खेळातले शब्द त्यांना आधी बघता येतात.

९. पंचेचाळीस मिनिटांची पत्रिका

पहिली पाच मिनिटं शाळांची हजेरी, एकेका शाळेचं नाव घेऊन. ही वाया जात नाहीत. आपलं नाव ऐकून हॉल ओरडतो आणि माइकही तपासला जातो. मग पाच मिनिटं खेळाडूची ओळख, बारा मिनिटं व्यायाम, वीस मिनिटं प्रश्न, शेवटची तीन मिनिटं पुढे कुठे खेळायचं त्याची माहिती.

वीस मिनिटांत आठच प्रश्न होतात. माइक उघडायला, मूल धीर गोळा करायला आणि उत्तराला मिळून प्रत्येकी अडीच मिनिटं जातात. इंग्रजीत बोलणारा खेळाडू असेल आणि सूत्रसंचालक उलगडून सांगणार असेल तर चारच धरा. प्रश्न आठवडाभर आधी शिक्षकांमार्फत मागवा, पण मुलांच्याच शब्दांत राहू द्या. मोठ्यांनी घासूनपुसून दिलेले "यशाचं रहस्य काय" छापाचे प्रश्न बाजूला ठेवा. "सामना हरल्यावर जेवण जातं का" हा प्रश्न पुढे घ्या. निवडताना मुलींचे निम्मे आणि माध्यमं विभागून, हे मोजून बघा.

१०. कार्यक्रमानंतर

अठ्ठेचाळीस तासांत शिक्षकांना आभाराचं पत्र आणि तीन प्रश्नांचा अभिप्राय फॉर्म. सोशल मीडियावर फोटो टाकण्याआधी दुसऱ्या चौकटीवर टिक नसलेली मुलं त्यात आहेत का, गणवेशावर नाव वाचता येतं का, ते एका माणसाने बसून तपासायचं. अहवालात जोडण्या आणि मुलं हे दोन आकडे वेगळे लिहा. यूट्यूबवरची नंतरची व्ह्यूजची संख्या "सहभागी मुलं" म्हणून दाखवू नका. मुलांची माहिती किती दिवसांनी पुसणार ते संमतिपत्रात लिहिलेलं असतं, त्या तारखेला ती खरोखर पुसा.

आणि पुढची वाट दाखवा. धारावीतल्या मुलीला कबड्डी आवडली तर तिने सोमवारी कुठे जायचं? जवळचं मंडळ, सरावाची वेळ, मुलींची तुकडी आहे का, फी किती, हे प्रत्येक शाळेसाठी एका पानावर लिहून द्या. त्या मंडळाला आधी फोन करून नव्या मुलांना घेतील याची खात्री करा. हे पान तयार नसेल तर कार्यक्रमाची तारीख आठवडाभर पुढे ढकलली तरी चालेल.

वेळेअभावी राहिलेले प्रश्न शाळेच्या क्रमांकासह जपून ठेवा. खेळाडूकडून त्यांची उत्तरं आवाजात रेकॉर्ड करून महिन्याभरात त्या-त्या शिक्षकांना पाठवा; एकेक मिनिटाची पुरतात, आणि सरावाहून परतताना बसमध्येही होतात.